बशीएवढं नाणं

पावसाळ्यात सगळे आंबोलीला धबधब्यासाठी जातात. मी गेले काकांसाठी. शुगरमुळे त्यांची नजर जवळपास गेलीय. आयुष्यभर जमवलेली नाणी आता ते बोटांनी बघतात.

गिफ्ट एकदम भारी नेलं होतं. २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त काढलेलं ७५ रुपयांचं नाणं. ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम, निम्मी चांदी!

काकांनी ते तळहातावर तोललं. ‘‘ह्यां नाणां की बशी गो? बाजारात फिराक नाय, ता नाणां कसला?’’

माझा चेहराच पडला. संग्राहकांत यावर दोन तट आहेतच. कुणाला अशी जंबो नाणी म्हणजे शोकेसची शान वाटते, तर काकांसारख्यांना नुसतं मेडल.

मग त्यांनी डबा उपडा केला. चौकोनी पाच पैसे, पाकळीदार कडेचे दहा, षटकोनी वीस... सगळी पटापट ओळखली. शेवटी १९९९ चं, शिवरायांचं दोन रुपयांचं. अकरा बाजूंचं, हातोहात फिरून झिजलेलं. ‘‘ह्येका कोन आसत, म्हणान माका दिसता.’’

दुसऱ्या दिवशी निघताना बघते तर माझी ‘बशी’ त्याच डब्यात! मी हसले, तर काका म्हणाले, ‘‘सगळ्यांत मोठां मां? हात घातलो की तुझांच पयलां गावता.’’