कुंडीखालचे सोबती

गेल्या पावसाळ्यांत तुळशीची कुंडी हलवितांना तिच्या बुडाखालीं राखी रंगाचे, खवलेदार पाठीचे कांहीं जीव मला आढळले. बोट लागतांच त्यांतील एकानें अंगाचा वाटोळा मणी केला! "किडे घरांत नकोत," असें आजी म्हणाली. परंतु गुरुजींनीं सांगितलें कीं, हे किडे नव्हेत. खेकडे व कोळंबी यांचे हे जमिनीवर राहणारे आप्त होत. त्यांस पायांच्या ७ जोड्या असतात, आणि श्वासोच्छ्वासासाठीं पोटाखालचीं कल्ल्यांसारखीं इंद्रियें सदैव ओलीं असावीं लागतात.

हें शेवटचें वाक्य मीं नीट ऐकलें नाहीं. १२ जीव पत्र्याच्या डब्यांत, कोरड्या मातींत ठेवून मी दिवाळीस मामांकडे गेलों. चार दिवसांनीं येऊन पाहतों तों ९ निष्प्राण! उरलेले तिघे एका पानाखालीं एकमेकांस बिलगून होते. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

मग डब्याची व्यवस्था बदलली. अर्धी माती ओली, अर्धी कोरडी, म्हणजे हवी ती जागा त्यांनींच निवडावी, झांकणास भोकें, वर कुजकीं पानें, झाडाची साल, आणि कवचासाठीं अंड्याच्या टरफलांचा चुरा. कात ते दोन खेपांत टाकितात, आधीं मागची, मग पुढची.

फाल्गुनांत एका मादीच्या पोटाखालच्या पिशवींतून पांढरीं, मोहरीहूनहि बारीक पिलें बाहेर पडलीं. भिंगांतून पाहिलें तों पायांच्या ६च जोड्या! सातवी मागाहून फुटते म्हणे. आजीहि चष्मा लावून पाहावयास आली, आणि मलाच दटावूं लागली, "अरे, आज पाणी शिंपडलेंस का यांना?"