मुनीमजी

शनवाऱ्याजवळच्या आमच्या घरात कपाटाच्या खालच्या फळीवर चेनची एक काळी पिशवी असते. तिच्यात तळहातात मावेल एवढं शुगरचं मशीन, पट्ट्यांची डबी आणि टोचणीचं पेन. आई त्या मशीनला मुनीमजी म्हणते. वडिलांच्या पावरलूमवर खरंच एक मुनीमजी होते. मजुरीचा हिशेब सांगताना ते कुणाला बरंवाईट बोलत नसत. आकडा सांगायचे आणि वही मिटायचे. मशीनचंही तसंच. पट्टीचं टोक रक्ताच्या थेंबाला टेकवलं की पट्टी तो स्वतःच ओढून घेते, मशीन पाच, चार, तीन असं उलटं मोजतं आणि आकडा दाखवतं.

आईला शुगर होऊन चौदा वर्षं झाली. मावा जिलेबीच्या आणि दराब्याच्या या गावात तिने ती नेटाने सांभाळली. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी बोट टोचायचं, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा, की दिवस सुरू. शंभर-सव्वाशेच्या आत असला की ती निर्धास्त असायची, आणि आम्हीही.

मागच्या हिवाळ्यात तिचे खांदे धरले. आधी थंडीवर ढकललं. मग एका सकाळी ती कंगवा हातात घेऊन नुसतीच बसलेली दिसली. हात कानाच्या वर जात नव्हता. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, ईएसआर खूप वाढलेला निघाला. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटली असावी, असं ते म्हणाले. ‘असावी’ हा शब्द आईने घरी येईपर्यंत तीनदा उच्चारला. आरए फॅक्टर, एएनए, एकेक रिपोर्ट येत राहिला, पण आजाराला पक्कं नाव मिळेना. तोवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, रोज सकाळी नाश्त्यानंतर 15 मिलिग्रॅम.

चौथ्या दिवशी तिने स्वतःची वेणी घातली. ते पाहताना मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला या जातीचं औषध पहिल्यांदा दिलं, आणि काही दिवसांत ती हिंडूफिरू लागली. 1950 साली त्या कामाला नोबेल मिळालं. ती बाई पहिल्यांदा उठून चालली तेव्हा जवळच्यांचा जीव कसा झाला असेल, ते मला आईच्या वेणीने कळलं.

कॅलेंडरवर मात्र रोजच्यासारखेच आकडे होते. 112, 118, 109. आई दिवसभर पाणी पीत होती, रात्री चारदा उठत होती, आणि मुनीमजी रोज सकाळी सगळं ठीक असल्याचं सांगत होते. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “संध्याकाळी पाहिली का?” त्या दिवशी पाच वाजता बोट टोचलं. 348.

सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर दुपारनंतर चढतो. यकृत साखर सोडत राहतं, स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. रात्रीतून जोर ओसरतो, म्हणून उपाशीपोटीचा आकडा जवळजवळ सरळ येतो. मुनीमजींचा एकही आकडा खोटा नव्हता. रोकड ज्या घटकेला मोजायला सांगितली, त्या घटकेची त्यांनी सांगितली. घटका आम्ही चुकवली होती.

आईने गोळी बंद करायचं मनात घेतलं. “खांदे दुखले तर दुखू देत, साखर तरी उतरेल.” डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं, “मावशी, ही एकदम सोडायची नाही. किडनीवरच्या ग्रंथी शरीराचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून मिळायला लागलं की त्या निजतात, त्यांना हळूहळूच उठवावं लागतं.” मग सकाळच्या गोळीसोबत दुधाळ इन्सुलिन आलं. त्याचाही जोर दुपारीच चढतो, म्हणून ते या गोळीला जोडीचं. बाटली हलवायची नाही, दोन तळहातांत हलकेच घोळवायची. आई ती अशी घोळवते की वाटावं, भाकरीचा गोळा घेतलाय हातात.

एकदा संध्याकाळी 412 आला आणि घर हादरलं. तेवढ्यात मला नातवाच्या हातातलं केळं दिसलं. ते आईनेच सोलून दिलं होतं. केळीच्या या मुलखात घरी घड कायम टांगलेला असतो. सोलताना बोटाला लागलेली साखर थेंबात मिसळली होती. साबणाने हात धुतले, कोरडे पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. 236. तेव्हापासून आधी मोरी, मग मुनीमजी.

गोळी कमी होत 7.5 वर आली. आकडे उतरू लागले की फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही उतरत्या आकड्यांच्या आनंदात दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली आणि तिच्याजवळ बसून राहिलो. शेजारचे लूम खटखटत होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. 84. त्याच रात्री इन्सुलिन उतरवलं गेलं.

डॉक्टर हल्ली कॅलेंडर बघत नाहीत. मशीन हातात घेतात, बटण दाबत मागे मागे जातात आणि आकड्याआधी वेळ वाचतात. परवा मशीनचा सेल बदलला, तर आतलं घड्याळ बाराला जाऊन बसलं.

“वेळ नीट लाव रे,” आई म्हणाली, “नाहीतर वही चुकायची.”

मी वेळ लावली. पाचाला दहा कमी होते. आई हात धुवायला मोरीकडे गेली.