दोन सॉकेट, एकच प्रोसेसर

आपल्याकडच्या एका कार्यालयात सर्व्हर रडतोय, दाखल्यांची रांग थेट जिन्यापर्यंत. साहेब म्हणतात, "रॅम वाढवली, तरी फरक नाही." काल दुरुस्तीवाल्या पोराने झाकण उघडलं, मी शेजारीच होतो. मदरबोर्ड दोन प्रोसेसरचा, बसवलाय एकच! आणि नवी रॅम नेमकी रिकाम्या सॉकेटच्या बाजूला. मंडळी, त्या स्लॉटांचा कारभार दुसऱ्या प्रोसेसरकडे असतो. तोच नाही, तर रॅम असून नसल्यासारखी. आता मिळेल तो प्रोसेसर आणूनही भागणार नाही. आतला झिऑन ई५-२६५०, जोडीलाही तस्साच हवा. ई५-१६५० त्याच सॉकेटात बसतो, पण जोडीने चालत नाही. दुसरा घ्यायचाच नव्हता, तर एका सॉकेटचा बोर्ड काय वाईट होता? (बिल लहान झालं असतं, एवढंच.) निविदेची प्रत मागितलीय. मिळाली की इथेच टाकतो.