अब्बांच्या कुंडीतलं पाणी

अब्बा गच्चीवर वजू करायचे आणि बधन्यात उरलेलं पाणी शेजारच्या कुंडीत ओतायचे. पाणी वाया गेलेलं त्यांना सोसत नसे. कुंडीत निवडुंग होता, एकिनॉप्सिस. 1998 साली एका मित्राकडून त्याचं लिंबाएवढं पिल्लू त्यांनी आणलं होतं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तोही निवडुंगच, पण तो घरोघरी फुलतो. हा सोलापुरात मी दुसरीकडे पाहिला नव्हता.

अठरा वर्षांत एकही फूल नाही. पिल्लं मात्र ढीगभर. अब्बा ती मोहल्ल्यात वाटायचे. अम्मी चिडायची, "काटे काय वाटत फिरता?" फूल यावं म्हणून अब्बा शेणखत वाढवायचे, पिल्लंच वाढायची.

नोव्हेंबर 2016 मध्ये अब्बा गेले. अम्मी इद्दतीत, मी नोकरीला पुण्यात. गच्चीवर कुणी फिरकलं नाही. मार्चमध्ये मी वर गेलो तर निवडुंग आक्रसलेला, माती दगडासारखी. तांब्याभर पाणी ओतलं ते केवळ अब्बांच्या आठवणीनं.

एप्रिलमध्ये अम्मीचा फोन आला. "अंगावर लोकरीचे गोळे आलेत रे, कीड लागली का?"

त्या कळ्या होत्या. मी पोचलो तोवर एकीची नळी वीतभर लांबली होती. अंधार पडल्यावर फूल उमललं, पांढरट गुलाबी. अम्मी खुर्ची टाकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मलूल झालं.

मग मी पुस्तकं चाळली. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. हिवाळ्यात पाणी तोडलं, की थंडीत ते वाढ थांबवतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कळ्या धरतं. बारमाही पाणी आणि नत्राचं खत मिळालं, की नुसतं अंग धरतं, पिल्लं देतं. अर्धी वाळू, भरपूर ऊन, मार्चपासून माती पूर्ण वाळल्यावरच पाणी, खतात नत्र कमी आणि पालाश जास्त, एवढंच त्याला हवं होतं.

अम्मीला हे सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याच पाण्यानं अडवलं होतं?"

तेव्हापासून नोव्हेंबर लागला की बधन्यातलं पाणी ती मोगऱ्याला घालते. दरवर्षी दोन-तीन फुलं येतात. 2021 साली एकही आलं नाही. विचारलं तर म्हणाली, "थंडीभर घातलं मी. रोज, थोडं थोडं."