पाण्याखाली डावीकडे म्हणजे कुठे?

इंदूरच्या भंवरकुआंला पत्ता सांगायची रीत ठरलेली आहे. होळकर कॉलेज मागे टाका, चौकातून खंडवा रोडला लागा आणि पुढे पोहेवाल्याला विचारा. पूर्व-पश्चिम कोणी काढत नाही. कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या त्या गर्दीतही माणूस चुकत नाही, कारण दर दहा पावलांवर सांगणारा उभा असतो. असल्या गावचा मी, सातपुडा नि सह्याद्री ओलांडून मालवणला आलो, तो पाण्याखाली वाट शोधायला शिकायला. बुडी मारायचा पहिला परवाना हाती होता. 'पाडी' या बुडी शिकवणाऱ्या संस्थेच्या पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' कोर्समध्ये खोल बुडी आणि दिशाशोध या दोन्हींतून सुटका नाही.

मासे दिसतील हे ऐकूनच होतो. नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. डोक्यावरून होडी गेली, इंजिन स्पष्ट ऐकू आलं. पण कुठून कुठे गेली, काही केल्या कळेना! पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच आदळतो आणि मेंदूला बाजू ठरवता येत नाही. मास्कच्या काचेतून खडक आहे त्याहून जवळ नि मोठा दिसतो. त्यात पाणी गढूळ असलं की चार-पाच मीटरपुढे नुसता हिरवट अंधूकपणा. डोळे आणि कान, दोघेही फितूर.

उरतं होकायंत्र. ते दोन्ही हातांनी छातीसमोर सपाट धरायचं. आतली तबकडी तेलात तरंगते; जास्त कलली की अडकते आणि आपण अगदी सरळ चाललोय असं खुशाल दाखवत राहते. वळायचं ते अंगाने, नुसतं यंत्र फिरवून भागत नाही. २६० अंशांवर गेलात तर परतताना १८० वजा करायचे, म्हणजे ८०. अंतर पायांनी मोजायचं: तळाशी ३० मीटर दोरी पसरून तेवढ्याला पायाचे किती फटके लागतात ते आधीच पाहून ठेवतात. एकाने दिशा धरायची, जोडीदाराने खोली आणि वेळ. प्रवाह आडवा असला तर मात्र सगळं गणित बरोबर येऊनही माणूस भलतीकडे निघतो, कारण तोंड कुठे आहे एवढंच काटा सांगतो. वाहून किती गेलात ते त्याच्या गावीही नसतं.

आमचा शिकवणारा मालवणचाच पोरगा. होडीवर बसल्या बसल्या म्हणाला, "यंत्र मगे. आदी वाळू बघ."

खाली गेल्यावर पाहिली. पाटावर शेवया ओढाव्यात तशा वाळूवर लाटांनी पाडलेल्या वळ्या, ओळीने, नजर पोचेल तिथवर. या वळ्या साधारण किनाऱ्याला समांतर असतात. इथला किनारा ढोबळमानाने दक्षिणोत्तर. म्हणजे वळ्या आडव्या कापत, खोली कमी होईल तिकडे गेलं की जमीन! समुद्राच्या तळाला पत्ता लिहिलेला असतो हे इंदूरच्या माणसाला कोण सांगणार होतं?

वर होडी हाकणाऱ्या आमच्या तांडेलाची तऱ्हा निराळीच. त्याने जीपीएस काढलंच नाही. सिंधुदुर्गाचा एक बुरूज आणि किनाऱ्यावरचा एक उंच माड एका रेषेत आणला, मग दुसऱ्या बाजूला अशीच एक जोडी जुळवली आणि दोन रेषा छेदल्या तिथे नांगर टाकला. खडक बरोबर खाली. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम काढलं, तेव्हा भोवतीचे हे बुडालेले खडकही तटबंदीइतकेच मोलाचे ठरले. वाट ठाऊक नसलेल्या गलबताची इथे धडगत नव्हती.

"इंदुराक दर्या नाय? मगे तुमी बुडतास खंय?" तांडेलाने विचारलं. होडीतले सगळे हसले.

तेवढ्यात पुन्हा उतरायची वेळ झाली. या खेपेला होकायंत्र जोडीदाराकडे, माझ्याकडे खोली आणि घड्याळ.