मिनारा मशिदीपाशी एक संध्याकाळ

आमच्या शेजारच्या भाभी दर ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवतात. डबा रिकामा परत करू नये म्हणून मी त्यात साखर घालून देत असे. पण आतला खुर्मा? सासूबाईंच्या सोवळ्यापायी तो कधी आमच्या पानात आला नाही. कामवालीच्या मुलांकडे जायचा. भाभींना हे ठाऊक नाही, अशी आपली माझी समजूत.

गेल्या रमझानात भाभी शेवया-खजूर आणायला मुंबईला महंमद अली रोडला निघाल्या. "येता का वहिनी?" म्हणाल्या, आणि मी निघाले.

वर उड्डाणपूल, खाली माणसांची ही गर्दी! मिनारा मशिदीवर दिव्यांच्या माळा, शेजारच्या गल्लीत खाण्याच्या गाड्या. भल्यामोठ्या कढयांत मालपुवे, मातीच्या परळांत लावलेली फिरनी, खजुरांचे ढीग. आणि हे सगळं मांडून बसलेले बहुतेकजण पहाटेपासून पाण्याच्या थेंबाशिवाय! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' करणारी मी, मनातून ओशाळलेच.

"उपास सवयीनं जमतो हो," भाभी म्हणाल्या. "बाईला जड जाते ती पहाट. सगळ्यांच्या आधी उठून सहरीचं रांधायचं."

आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर नि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजात सवलत असते. पाळीच्या दिवसांत तर रोजा धरायचाच नसतो. पण ते सुटलेले दिवस पुढं भरून काढायचे. "तेव्हा घरात दुसऱ्या कुणाचा रोजा नसतो. सगळ्यांना वाढायचं नि आपण उपाशी!"

आपल्या पंचांगात अधिक महिना येतो, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडालाच राहते. त्यांच्यात तो नाही. त्यामुळं रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. वैशाखातला रोजा म्हणजे काय, याचा विचार करा!

सूर्य मावळला, बांग झाली. गाडीवाल्यानं झारा बाजूला ठेवून खजूर तोंडात टाकला. ओळख ना पाळख, एका म्हातारबाबांनी आमच्याही हातावर खजूर ठेवले. या महिन्यात हात सैल सोडायचा, असं भाभी म्हणाल्या. वर्षाच्या शिल्लकीतला अडीच टक्के जकात गरिबाला द्यायचा. शिवाय ईदच्या नमाजाआधी फित्रा, म्हणजे त्याच्याही घरी ईद होते.

मी मालपुव्याकडं वळले, तशी भाभींनी हात धरला. "यात अंडं असतं, वहिनी. तुम्ही फिरनी घ्या. दूध, तांदूळ नि साखर." मग हळूच म्हणाल्या, "आमच्या खुर्म्यातही तसलं काही नसतं. दूध, शेवया, खारीक, सुकामेवा नि साजूक तूप. तुमच्यासाठी मी वेगळं पातेलं ठेवलंय."

मला बोलता येईना. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी दर वर्षी डबा येत होता. परळातली फिरनी मी उभ्याउभ्या चाटूनपुसून संपवली.

ईदला डबा आला. सासूबाईंसमोरच वाटीत घेऊन मी खुर्मा खाल्ला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र डब्यात साखर घालू लागले, तर म्हणाल्या, "साखर काय देतेस? बेसनाचे लाडू घाल त्यात."