परसांतलें सुदर्शन

परस असलेल्या जुन्या घरांत पुढें तुळस आणि मागें न्हाणीच्या पाण्यावर सुदर्शन, ही मांडणी आमच्या वाचकांस अपरिचित नसावी. तुळशीला पूजा मिळते. सुदर्शनाला कोणी खत घालीत नाहीं, कीं आळें करीत नाहीं. मात्र घरांत कोणाचा पाय मुरगळला कीं त्याची आठवण होते. पानाला एरंडेल लावून तें तव्यावर शेकावें आणि सुजेवर बांधावें, हा आमच्या घरचा निदान चार पिढ्यांचा परिपाठ आहे. (बाजारांतील सुदर्शन चूर्णाशीं ह्या झाडाचें नातें नांवापुरतेंच; त्या चूर्णांत मुख्य द्रव्य किराईत असतें.)

शास्त्रांत ह्याचें नांव क्रायनम एशियाटिकम. प्रजातीचें क्रायनम हें नांव लिनीअसनें १७५३ सालीं दिलें, तें लिलीच्या फुलाला ग्रीक भाषेंत असलेल्या शब्दावरून. तिच्यांत सुमारें शंभर जाति मोडतात व त्यांतील बहुतेक आफ्रिकेंतील आहेत. आपल्या महाबळेश्वराकडेही तिची एक दुर्मिळ जात सांपडते. तिचे केसरतंतु आंखूड, म्हणून ती क्रायनम ब्रॅकिनेमा.

परसांतल्या झाडाचा जमिनीवर दिसणारा जाड बुंधा हें खरें खोड नव्हे. पानांच्या बुडख्यांचे पदर एकांत एक बसून तो झालेला असतो, आणि त्याच्या खालीं मोठा कांदा. दांडीच्या टोकाला फुलांचा झुबका येतो. पाकळ्या पांढऱ्या, अरुंद, मागें वळलेल्या, आणि केसर जांभळट. दिवसां ह्या फुलांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. दिवेलागणीनंतर मात्र वास ओसरीपर्यंत येतो, कारण तें आमंत्रण आपणांस नसून लांब सोंडेच्या पतंगांस असतें. फुलाची नळी इतकी लांब कीं, तळाचा मध दुसऱ्या कोणाला सहसा मिळावयाचा नाहीं.

खरें नवल बियांचें. बीं म्हणजे सुपारीहून मोठा, हिरवट, ओबडधोबड गोळा. इतर बियांसारखें कवच त्यास नसतें. वरचा थर बुचासारखा, म्हणून तें पाण्यावर तरंगतें. हें झाड मूळचें समुद्रकांठचें, आणि लाटांवरून त्याचा प्रसार बेटोबेटीं झाला. पोटांतच पाण्याचा सांठा असल्यामुळें त्यास रुजावयास मातीही लागत नाहीं. आमच्या नातवानें एक बीं पुस्तकांच्या फळीवर ठेविलें होतें. त्यास कोरड्या फळीवरच मोड आला, आणि तो पाहण्याकरितां त्या पोरानें सबंध आळी गोळा केली.

ह्या साऱ्या झाडांत, विशेषतः कांद्यांत, लायकोरीन नांवाचें विष असतें. पोटांत गेल्यास मळमळ, ओकाऱ्या, जुलाब. शिवाय रसांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनीं कातडी खाजते. पावसाळ्यांत पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांचा एक काळा सुरवंट मात्र तेंच पान खाऊन पुष्ट होतो! ह्याच कुळांतील स्नोड्रॉपच्या अभ्यासांतून गॅलंटामाइन हें औषध हातीं आलें, आणि तें आज स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांस देतात. तेव्हां विष म्हणून सरसकट नाक मुरडणेंही आम्हांस पटत नाहीं.

पण गेल्या श्रावणांत ह्याच झाडावरून आमच्या घरांत दोन दिवस अबोला होता. नातवाचा कान ठणकूं लागला. आमच्या वडील वहिनींनीं रिवाजाप्रमाणें पान आणविलें, शेकलें, आणि रस कानांत पिळणार, तोंच सूनबाई आड आली. "मोठ्या काकू, शेक द्या, पण रस नको. आधीं डॉक्टरांस कान दाखवूं." वहिनी म्हणाल्या, "ह्या घरांतल्या सगळ्या पोरांच्या कानांत मीच रस घातला. कोण बहिरें झालें, सांग बरें!" त्यांचा मुद्दा वेडगळ नव्हता, ज्या काळीं गांवांत डॉक्टर नव्हता, त्या काळीं त्यांनीं रात्र-रात्र जागून पोरें सांभाळलीं आहेत. परंतु कानाचा पडदा शाबूत आहे कीं नाहीं, हें बाहेरून कोणास दिसणार? आम्हीं सूनबाईची बाजू घेतली, आणि वहिनी न जेवतां उठल्या.

डॉक्टरांनीं पाहिलें, तों पडद्याला बारीक छिद्र. रस आंत गेला असता तर दुखणें चिघळलें असतें, असें ते म्हणाले. हें घरीं सांगावें कसें, ह्या विचारांत आम्ही असतां नातवानेंच तें सांगून टाकिलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं त्या फडकें गरम करून त्याच्या उशाशीं बसल्या, आणि सूनबाईनें त्यांचें ताट तेथेंच नेऊन दिलें.

पुढें सूनबाईनें झाडच उपटावें असें काढिलें, कारण धाकटी पोर परसांत खेळते आणि कांद्याला कांदा म्हणते. अखेर झाड राहिलें. भोंवतीं कुडाचें कुंपण आलें. यंदा वहिनींच्या गुडघ्याकरितां पान कापावयास सूनबाईच गेली, आणि परत आल्यावर तिनें कोंपरापर्यंत साबणानें हात धुतले.